पाय धुऊन

देवकाबाई भोयरच्या वावरात
तूर उबळली ती ओळीनं.
ठिपक्याठिपक्यानं नाही,
पाणी साचतं त्या खोलगटातही नाही.
उगवतीच्या धुऱ्यापासून नाल्यापर्यंत
एक सुकलेला पट्टा,
मध्येच थोडा वाकडा,
जिथं बोरीचं झाड वाचवायला
मी स्टेअरिंग डावीकडं घेतो.

दरवर्षी घेतो.
म्हणून ओळखलं.
आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं,
मातीत लिहिलेलं असलं तरी.

तुरीला फुलं धरली होती तेव्हा.
शेजारची झाडं पिवळीधमक,
आणि ही मान टाकून,
पानं अजून हिरवट, पण हात लावला तर कुरकुरीत.

मृणाली गेडाम आली, कृषी सहाय्यक,
स्कूटी धुऱ्यावर लावून.
पर्समधून ब्लेड काढलं, खोड उभं चिरलं.
आत मुळापासून वर चढत गेलेली
काळपट रेघ, विझल्या वातीसारखी.
म्हणाली, बुरशी आहे. मातीतच राहते.
पीक नसलं तरी मुळ्यांच्या तुकड्यांत तग धरते.
किती दिवस?
तुमच्या ट्रॅक्टरचे हप्ते फिटेपर्यंत तरी.

मी हसलो. मग हिशेब लागला.

गेल्या उन्हाळ्यात अवकाळी येऊन गेली होती,
काळी माती डिंकासारखी.
सकाळी नत्थूजी उईकेचं वावर उरकलं,
एकराला हजार, डिझेल माझं.
पाती खरवडलीही नाहीत,
तसाच इकडं शिरलो.
नत्थूजीची तूर त्याआधी अर्धी गेली होती.
त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
भाडं ठरवताना मातीची तब्येत कोण विचारतो?

रोटाव्हेटर फिरतो तेव्हा बघायला छान दिसतं.
माती पिठासारखी, ढेकूळ नावाला नाही.
वीतभर खाली मात्र तवा बसतो,
पाणी तव्यावर अडतं, मूळ तिथून आडवं वळतं
आणि घुसमटतं.
मग नांगरू का खोल, चैत्रात?
नांगरा, मृणाली म्हणाली, ऊन लागू द्या महिनाभर.
पण बाई, वरचं खाली जाईल तसं
खालचं वर येईलच ना?
येईल, म्हणाली.
आणि अजिबात नांगरलं नाही तर?
तेव्हा ती जरा थांबली.
तिच्या माहितीत एक जण आहे हिंगणघाटकडं,
सहा वर्षं फण लावला नाही त्यानं.
मर कमी झाली, म्हणतो.
पण वर पडलेल्या ओल्या कुटारात
दुसरीच बुरशी पांढरी धरली, मोहरीएवढ्या दाण्यांची.
एकच उत्तर नसतं, भाऊ, वावरागणिक बघावं लागतं.
ब्लेड तिनं रुमालानं पुसलं,
स्पिरिट लावून, दोनदा.
ते मी बघत राहिलो.

देवकाबाई एक शब्द बोलली नाही.
गुडघ्यावर बसून
मेलेलं एकेक झाड मुळासकट उपटत होती,
युरियाच्या पोत्यात भरत होती,
माती झटकायची तीही पोत्यातच.
संध्याकाळी धुऱ्याशी येऊन म्हणाली,
"अवंदा गेली ते गेली.
पुढल्या साली ज्वारी पेरीन इथं.
तू ये सुखदेवा, काहून नाही येणार.
पण पाय धुऊन ये."

पाय म्हणजे पाती.
ते मला घरी जेवताना कळलं.

आता ज्याचं वावर त्याच्याच धुऱ्यावर
ट्रॅक्टर उभा करतो,
खुरप्यानं खरवडतो, मग कॅनचं पाणी.
पोरं म्हणतात, पाह्य, ट्रॅक्टरले आंघोळ घालून राह्यला.
अर्धा तास जातो. दिवसाचं एक गिऱ्हाईक कमी.

नटाच्या खाली मात्र बोट पोचत नाही.
परवा तारेनं उकरून
चिमूटभर काढली, तळहातावर घेतली.
उईकेची का भोयरची?
वास घेऊन पाहिला.
सारखाच.

देवकाबाईच्या वावरात
यंदा बोरीला उजवीकडून वळसा घातला.
त्यानं काय होणार होतं,
मला माहीत नाही.